ब्रेक नेमका कुठे मारला?

कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर दुपारचं सत्र संपवून पिटमध्ये आलो तेव्हा मला पक्की खात्री होती, की सरळ रस्ता संपताना मी मित्रापेक्षा उशिरा ब्रेक मारतोय. दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, टायर एकाच बनावटीचे, तरी दर लॅपला तो सात-आठ दशांश सेकंद पुढे. "अरे, तू ब्रेक मारतोस कुठे?" त्याने विचारलं. मी हात लांब करून जागा दाखवली. त्याने काही न बोलता लॅपटॉप उघडला आणि दोघांच्या वेगाच्या रेघा एकीवर एक ठेवल्या.

ब्रेक दोघेही जवळपास एकाच जागी मारत होतो. फरक त्याच्या पुढे होता. त्याची रेघ कड्यासारखी सरळ खाली यायची आणि लगेच वर वळायची. माझी रेघ उतारासारखी रेंगाळत उतरायची, वळणाच्या मध्यावर त्याच्याहून ताशी ४ किलोमीटर खाली जायची आणि मग कुठे वर येऊ लागायची. माझ्या आठवणीतला लॅप आणि प्रत्यक्षात मारलेला लॅप हे दोन वेगळे लॅप होते. तसं का होत होतं, ते मात्र रेघेवरून कळेना. ते संध्याकाळी व्हिडिओत दिसलं. त्याकडे पुढे येतो.

डेटा लॉगर आणि कॅमेरा घ्यायचा विचार करणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं: रेघ सांगते वेळ कुठे गेला, आणि चित्र सांगतं का गेला. दोन्ही हवेत, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट जोडलेले हवेत. महाराष्ट्रातल्या माणसाला तर जास्तच. आपल्याकडे गो-कार्टचे ट्रॅक आहेत, पण मोटारीसाठी पूर्ण लांबीचं सर्किट गाठायचं तर कोइम्बतूर, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई किंवा ग्रेटर नोएडा. पुण्याहून कुठेही गेलं तरी हजार किलोमीटरच्या पुढे. इतका प्रवास, टायर, ब्रेक पॅड, सुट्टी, सगळं करून हाती येतात ते दिवसाचे चार-पाच सत्रांतले मोजके लॅप. ते लॅप घरी आणता आले, तरच पुढच्या खेपेपर्यंत त्यांच्यावर काम करता येतं.

लॉगर करतो काय, ते आधी पाहू. त्याचा गाभा म्हणजे जीपीएस रिसीव्हर. तो ठरावीक अंतराने आपली जागा, वेग आणि वेळ लिहून ठेवतो. सेकंदाला किती वेळा, ते हर्ट्झमध्ये सांगतात. हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असतो, आणि तो का महत्त्वाचा ते साध्या हिशेबाने कळतं. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. फोनमधला जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच नोंद करतो, म्हणजे दोन नोंदींमध्ये ५० मीटर जमीन निघून गेलेली. १८० वरून ८० वर येण्याइतका जोरदार ब्रेक सुमारे ३ सेकंद चालतो आणि त्यात शंभर-सव्वाशे मीटर अंतर जातं. फोनच्या नोंदीत हे सगळं नाट्य तीन ठिपक्यांत संपतं. त्यात ब्रेक कुठे लागला आणि कुठे सुटला हे शोधणं म्हणजे जत्रेचे तीन फोटो पाहून मूल कुठे हरवलं ते सांगण्यासारखं आहे. १० हर्ट्झचा रिसीव्हर तिथे तीसएक ठिपके देतो, २५ हर्ट्झचा पाऊणशेच्या वर. माझ्या मते १० ही खालची मर्यादा मानावी आणि परवडत असेल तर २० किंवा २५ घ्यावा. त्याहून मोठ्या आकड्यासाठी हौशी चालकाने पैसे मोजू नयेत.

इथे एक बारकावा आहे, तो विकणारे फारसा सांगत नाहीत. जीपीएस तुमची जागा आणि तुमचा वेग या दोन गोष्टी वेगवेगळ्या रीतीने काढतो. जागा काढताना उपग्रहांपासूनचं अंतर मोजावं लागतं आणि त्यात दोन-तीन मीटरची चूक सहज होते. वेग मात्र डॉप्लर परिणामावरून निघतो. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा सूर चढा आणि दूर जाणाऱ्या शिट्टीचा सूर उतरता लागतो, तसा उपग्रहाच्या लहरींत पडणारा फरक रिसीव्हर मोजतो. ही मोजणी फार अचूक असते. चांगल्या रिसीव्हरवर ताशी किलोमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत भरवसा ठेवता येतो. म्हणून वेगाच्या रेघेवर विश्वास ठेवा, पण नकाशावर उमटलेल्या तुमच्या वाटेवर बेताने ठेवा. ट्रॅक दहा-बारा मीटर रुंद आणि चूक दोन-तीन मीटरची. 'मी मित्रापेक्षा मीटरभर आतून गेलो' असं नकाशा म्हणतो तेव्हा ते खरंही असेल, नसेलही. गाडीची वाट तपासायची तर व्हिडिओतच.

मग लॅपची वेळ शंभराव्या हिश्श्यापर्यंत कशी बरोबर येते? जीपीएसची जागेची चूक अचानक येत नाही, सावकाश सरकते. या लॅपला रेषा ओलांडताना दोन मीटर पूर्वेला चूक असेल, तर दोन मिनिटांनी पुढच्या लॅपलाही जवळपास तेवढीच आणि तिकडेच असते. वजाबाकीत ती निघून जाते. रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या ठिपक्यांमधली नेमकी वेळ सॉफ्टवेअर वेगावरून भरून काढतं. २ मे २००० पर्यंत हे शक्यच नव्हतं, कारण तोवर अमेरिका नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. त्या काळात लॅप मोजायला पिटच्या भिंतीवर इन्फ्रारेड बीकन ठेवायचे आणि वेग चाकावरच्या सेन्सरवरून घ्यायचे.

आपल्याकडे एक सोय आहे, तिचा फायदा घ्यावा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी 'गगन' ही यंत्रणा उभी केली आहे. देशभरातली जमिनीवरची केंद्रं जीपीएसमधली चूक मोजतात आणि तिची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांवरून जीपीएसच्याच फ्रिक्वेन्सीवर फुकट प्रक्षेपित होते. ज्या रिसीव्हरमध्ये एसबॅस नावाची सोय आहे, तो ही दुरुस्ती वापरू शकतो. लॉगरच्या सेटिंगमध्ये ती बंद असेल तर चालू करा. शिवाय जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ असे आणखी उपग्रहसमूह वाचणारा रिसीव्हर बघा. ग्रँडस्टँड, झाडं, पूल यांच्या आडोशाला काही उपग्रह लपले तरी बाकीचे दिसत राहतात.

अँटेनाकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. तिला आकाश दिसलं पाहिजे. छताच्या मधोमध पत्र्यावर चिकटवलेली चुंबकी अँटेना सर्वांत उत्तम. डॅशबोर्डवर ठेवली तर छत अर्धं आकाश झाकतं, आणि काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर सिग्नल आणखी पडतो. जागा एकदा ठरवली की बदलू नका, आणि तुलना करायची तर मित्रालाही त्याच जागी लावायला सांगा. केबल दारात चेमटते, म्हणून एक जादा अँटेना पिशवीत असू द्या.

लॉगरमध्ये दुसरी वस्तू असते ती त्वरण मोजणारा सेन्सर, म्हणजे ज्याला सगळे जी-सेन्सर म्हणतात तो. ब्रेक मारताना पुढे, वळताना बाजूला किती जोर येतो ते तो सेकंदाला पन्नास-शंभर वेळा टिपतो. टायर एका वेळी किती काम करतोय याचा तो हिशेब असतो. उत्तम चालकाच्या आलेखात ब्रेकचा जोर ओसरत जातो तसा वळणाचा जोर चढत जातो, मध्ये खिंडार पडत नाही. माझ्या आलेखात तिथे खड्डा होता: ब्रेक सुटलेला, वळण अजून लागलेलं नाही, आणि टायर अर्धा सेकंद रिकामा बसलेला. हा सेन्सर वापरताना एक लक्षात ठेवा. ब्रेक मारताना गाडीचं नाक खाली झुकतं. दोन अंशांचा झुकावसुद्धा आकड्यात सुमारे ०.०३५ जीची भेसळ करतो, कारण गुरुत्वाकर्षणाचा थोडा भाग त्यात मिसळतो. म्हणून ब्रेकचा जोर जीपीएसच्या वेगावरून काढलेला बघावा आणि सेन्सरचा वापर वळणासाठी करावा. खोका मात्र घट्ट बसवा. वेल्क्रोवर डुलणारा लॉगर स्वतःचंच डुलणं मोजत बसतो.

यापुढे प्रश्न येतो गाडीच्या आतल्या माहितीचा: ॲक्सिलरेटर किती दाबला, इंजिनाचे फेरे किती, स्टिअरिंग किती वळलं, ब्रेकचा दाब किती. सोपा रस्ता म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये ब्लूटूथचा छोटा ॲडॉप्टर खोचणं. त्याला मर्यादा आहेत. ओबीडी प्रश्नोत्तरांच्या पद्धतीने चालतं. लॉगर विचारतो, गाडी उत्तर देते, मग पुढचा प्रश्न. चार गोष्टी विचारल्या की प्रत्येकीला पाळी उशिरा येते, आणि आलेखातला ॲक्सिलरेटर खऱ्या पायाच्या मागे पडतो. ब्रेकचा दाब तर त्या ठरलेल्या प्रश्नांच्या यादीतच नसतो. ओबीडी इंजिनाचं आणि धुराचं आरोग्य तपासायला निघालं, रेसिंगला नव्हे.

दुसरा रस्ता कॅन बसचा. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणलेली ही दोन तारांची जोडी गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलतं ठेवते. तिथे विचारावं लागत नाही, कान देऊन ऐकायचं असतं. एबीएस आणि ईएससीचं युनिट चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन, कित्येक गाड्यांत ब्रेकचा दाबही सेकंदाला डझनावारी वेळा सांगत असतं. अडचण अशी, की कोणत्या संदेशात कोणता आकडा आहे हे गाडीच्या कंपन्या जाहीर करत नाहीत. लॉगर बनवणारे ते शोधून काढतात आणि गाडीवार याद्या देतात. म्हणून लॉगर घेण्याआधी तुमच्या गाडीचं मॉडेल आणि साल त्या यादीत आहे का ते बघा. युरोपातल्या मॉडेलचं नाव सारखं असलं तरी आपल्याकडच्या गाडीत तीच युनिटं असतील असं नाही. नव्या गाड्यांत ओबीडी सॉकेटच्या आधी गेटवे नावाचा पहारेकरी असतो आणि तो हे संदेश बाहेर येऊ देत नाही. मग तारांना आतून जोड द्यावा लागतो. ते काम गाडीची वायरिंग जाणणाऱ्यानेच करावं. ही तीच तार आहे जिच्यावरून ब्रेकचं आणि एअरबॅगचं युनिट बोलतं.

पहिली दोन वर्षं हे सगळं नसलं तरी चालतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. वेगाची रेघ एकटी पुष्कळ बोलते. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर जायला लागलेला वेळ तिच्यात पठारासारखा दिसतो. वळणातून बाहेर पडताना बिचकून पाय उचलला तर तिथे खळगा पडतो.

आता व्हिडिओ. रोजच्या गाडीत लावतात तो डॅशकॅम यासाठी उपयोगाचा नाही. त्याला फक्त पुढचा रस्ता दिसतो, आणि तो इतका रुंद दिसतो की वळणाचं टोक ठिपक्याएवढं होतं. ट्रॅकसाठी कॅमेरा दोन सीटच्या मध्ये, मागून, खांद्याच्या उंचीवर हवा. त्यातून समोरचा रस्ता, स्टिअरिंग आणि दोन्ही हात एकत्र दिसले पाहिजेत. चित्र स्थिर करणारी सोय बंद ठेवा. ती बाहेरचं क्षितिज स्थिर धरायला जाते आणि गाडीचं आतलं सगळं झोके घेऊ लागतं. शिवाय गाडीचं मागचं टोक घसरायला लागल्याची पहिली खूण ती पुसून टाकते. फोर-केच्या मागे लागू नका. साध्या फुल एचडीत सेकंदाला ६० फ्रेम घ्या. सेकंदाला ५० मीटरच्या वेगाने प्रत्येक फ्रेममागे गाडी ८३ सेंटिमीटर सरकते, ३० फ्रेम घेतल्या तर १ मीटर ६७. ब्रेकची जागा शोधताना हा फरक उपयोगी पडतो. आवाज जपा. वाऱ्यापासून आडोसा दिलेला माइक इंजिनाचा सूर स्वच्छ पकडतो, आणि सुरावरून ॲक्सिलरेटरवरचा पाय ऐकू येतो.

कॅमेरा निवडताना खरा कस लागतो तो डेटाशी जुळवणीचा. व्हिडिओ आणि लॉगर अर्ध्या सेकंदाने मागेपुढे असतील, तर १८० च्या वेगाला ती चूक २५ मीटरची होते. चित्रात ब्रेकचा फलक अजून आला नसताना आलेख ब्रेक लागल्याचं सांगतो, आणि तुम्ही चुकीचा धडा शिकता. ही जुळवणी आपोआप हवी असेल तर जीपीएस आणि कॅमेरा एकाच खोक्यात असलेली यंत्रणा घ्यावी. रेसलॉजिकची व्हीबॉक्स व्हिडिओ अशी आहे. एआयएमचा स्मार्टीकॅम त्यांच्याच लॉगरशी तारेने बोलतो आणि आकडे थेट चित्रावर उमटवतो. गार्मिनने २०२० मध्ये कॅटॅलिस्ट आणला. तो तुम्हीच वेगवेगळ्या लॅपला मारलेले उत्तम तुकडे जोडून शक्य असलेला लॅप दाखवतो.

दुसरा मार्ग स्वस्त: फोनवर रेसक्रोनोसारखं ॲप, ब्लूटूथने जोडलेला १० किंवा २५ हर्ट्झचा बाहेरचा रिसीव्हर, आणि वेगळा ॲक्शन कॅमेरा. एक-दोन चांगल्या टायरांच्या पैशात हे जमतं, तर बंदिस्त व्हिडिओ-लॉगर लाखाच्या घरात जातो. यात जुळवणी हाताने करावी लागते. पिटमधून चाक पहिल्यांदा हललेली फ्रेम शोधायची आणि आलेखातला वेग शून्यावरून उठतो त्या क्षणाशी ती बसवायची. मग एखाद्या तीव्र ब्रेकवर पडताळून बघायचं. सवयीने पाच मिनिटांचं काम होतं. जुना गोप्रो घेताना एक लक्षात ठेवा. हीरो ५ ते हीरो ११ मध्ये जीपीएस होता, हीरो १२ मधून तो काढला आणि हीरो १३ मध्ये परत आला. त्याची नोंद लॉगरची जागा घेत नाही, पण व्हिडिओच्याच फाइलमध्ये असल्यामुळे जुळवणीला मोठा आधार होतो.

आपल्याकडचं ऊन हा या सगळ्यांचा शत्रू. चेन्नईच्या मार्चमधल्या दुपारी काचेमागे ठेवलेला फोन पंधरा मिनिटांत मंदावतो किंवा बंद पडतो, आणि नेमका चांगला लॅप नोंदवायचा राहतो. कॅमेरा बॅटरी काढून यूएसबीच्या विजेवर चालत असेल तर तसा चालवा, उष्णता बरीच कमी होते. फोन एसीच्या झरोक्यासमोर बसवा. सत्र संपलं की सगळं सावलीत.

बसवण्याच्या बाबतीत तडजोड करू नका. १५० ग्रॅमचा कॅमेरा ५० जीच्या धडकेत साडेसात किलोच्या जोराने सुटतो, आणि तो सुटतो तुमच्या डोक्याच्या मागून. रोल केजला किंवा सीटच्या मागच्या नळीला नटबोल्टने पकडलेला क्लॅम्प आणि वर एक दोरी, एवढं हवंच. रबरी सक्शन कप तापलेल्या काचेवरून कधीही निघतो. एअरबॅगच्या वाटेत काहीही नको. जाण्याआधी आयोजकांना विचारून घ्या. ब्रिटनमधल्या बहुतेक ट्रॅक-डेंना लॅपची वेळ मोजायलाच मनाई असते, आणि इतरत्रही काही जण तसा नियम लावतात. चालवताना पडद्यावर पळणारे आकडे नवख्याने झाकून ठेवावेत. डोळे पुढच्या वळणावर हवेत.

आणि खोका निवडण्याआधी सॉफ्टवेअर निवडा. या लेखातला एकच सल्ला घ्यायचा तर हा घ्या. एआयएमचं रेस स्टुडिओ आणि व्हीबॉक्सचं सर्किट टूल्स फुकट उतरवून घेता येतं. काहीही विकत घेण्याआधी एखाद्या मित्राच्या फाइली मागून दोन लॅप एकावर एक ठेवून बघा. तुम्हाला दोन सत्रांमधल्या अर्ध्या तासात, घामेजल्या हाताने, टोपीची सावली लॅपटॉपवर धरून एक उत्तर काढायचं असतं. ज्या यंत्रणेत ते दहा मिनिटांत निघतं ती घ्या, मग तिच्यात चॅनेल निम्मे का असेनात.

उत्तर काढायची रीत अशी. आडव्या अक्षावर वेळ न ठेवता अंतर ठेवा, म्हणजे दोन्ही लॅपचं तेच वळण एकाखाली एक येतं. खाली फरकाची रेघ लावा, तिला डेल्टा म्हणतात. ती जिथे चढते तिथे तुमचा वेळ जातोय, आडवी असते तिथे बरोबरी. फक्त सर्वांत मोठी चढण बघा. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचा लॅप ५.१२५ किलोमीटरचा आहे, सोळा वळणांचा. सोळाही सुधारायला निघालात तर एकही सुधारणार नाही. एक किलोमीटरहून लांब असलेल्या मागच्या सरळ रस्त्याआधीचं तिसरं वळण घ्या. तिथून ताशी ३ किलोमीटर जास्त वेगाने बाहेर पडलात, तर साध्या गाडीला सरळ रस्त्याच्या टोकापर्यंत दीड दशांश सेकंदाच्या आसपास मिळतो, आणि त्यासाठी कुठे उशिरा ब्रेक मारायचं धाडस करावं लागत नाही.

त्या संध्याकाळी कारीला आम्ही माझ्या रेघेतला खड्डा शोधून तेवढाच व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पाहिला. ब्रेक सुटायच्या वेळी माझा डावा हात अजून गिअरवर होता. मी खालचा गिअर उशिरा टाकत होतो, त्यामुळे गाडी एका हाताने वळवत होतो आणि हात परत येईपर्यंत वळायचं थांबत होतो. मित्राचा गिअर ब्रेकच्या मध्यालाच पडलेला असायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. माझ्या मनात तर हा मुद्दा कधीच आला नव्हता. मी सकाळपासून ब्रेकची जागा पुढे ढकलायच्या मागे लागलो होतो. मास्किंग टेपच्या तुकड्यावर मार्करने 'गिअर आधी, मग वळ' असं लिहून डॅशबोर्डवर चिकटवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या सत्राला ऊन चढायच्या आत रांगेत लागलो.